झबल्याचा हिशेब

रथसप्तमी झाली की काळ्या कपड्यांची मागणी एका दिवसात थांबते. त्याआधी महिनाभर लहान मुलांचे काळे फ्रॉक, काळी झबली, काळे कुर्ते शिवणाऱ्यांना उसंत नसते. बोरन्हाणाला हलव्याच्या दागिन्यांखाली बाळाच्या अंगावर काळेच हवे, यावर आजी, आई आणि आत्या यांचे एकमत असते. रथसप्तमीनंतर मात्र तेच कपडे पुढच्या पौषापर्यंत कोणी हातात धरत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिने टाकून मुलांचे कपडे शिवणाऱ्या एका बाईंकडे आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस गेलो होतो. लोखंडी कपाटाचा मधला कप्पा काळ्या कपड्यांनी भरलेला होता. मोजले तर 23 नग निघाले, त्यांतले 17 बावीस आणि चोवीस नंबरचे. "सोळा-अठरा पहिल्या आठवड्यातच गेले. नंतर किती जणींना नाही म्हटलं मी. पण दुकानदाराला अख्खा सेट लागतो, म्हणून बावीस-चोवीसही शिवले. तेच परत आले," असे त्या म्हणाल्या. आम्ही एक फ्रॉक उलटा करून पाहिला. आतून ओव्हरलॉक व्यवस्थित, बगलेत दुहेरी शिलाई, गळ्याची पट्टी कुठेही ओढलेली नाही. कामात खोट काढायला जागा नव्हती. तरीही दोन महिन्यांच्या कामाची कमाई त्या कप्प्यात घडी घालून ठेवलेली होती.

घरातून सुरू होणाऱ्या उद्योगांत मुलांच्या कपड्यांचा नंबर बराच वर लागतो. मशीन बहुधा घरात असतेच. कापड थोडे लागते. पहिले झबले भाचीच्या बारशाला शिवलेले असते, ते पाहून चार बायका विचारतात, आणि "एवढं छान शिवतेस, तर विकत का नाहीस?" हा प्रश्न घरातच कोणी तरी टाकतो. पुढे शिवणवर्ग, बचत गट, मुद्रा कर्ज, मोबाइलवर फोटो टाकून विक्री, अशी वाट ठरलेली आहे. या वाटेवर शिवण कसे सुधारावे आणि फोटो कसा काढावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा धंदा बहुतेक वेळा मापांत बुडतो आणि मापांत अडकलेल्या पैशांत बुडतो, हे मात्र कोणी आधी सांगत नाही. म्हणून ते जरा सविस्तर मांडण्याची गरज आहे.

जन्मतः बाळाची लांबी साधारण 50 सेंटिमीटर असते. वर्षाचे होईपर्यंत ती 75 च्या आसपास जाते. दुसऱ्या वर्षात आणखी दहा-बारा सेंटिमीटरची भर पडते आणि पुढे वाढीचा वेग वर्षाला सहा-सात सेंटिमीटरवर स्थिरावतो. मोठ्या माणसाचा सदरा पाच वर्षे चालतो. तान्ह्या बाळाचे झबले तीन महिन्यांत आखूड होते. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येणार ही यातली जमेची बाजू आहे आणि धंदा सुरू करणारी प्रत्येक जण तीच बघते. पण शिवणाऱ्याला पहिल्या वर्षासाठीच तीन-चार मापे ठेवावी लागतात आणि पाच वर्षांपर्यंत जायचे तर सात-आठ. समजा, एखादीने चार डिझाइन, सहा मापे आणि तीन रंग एवढाच माल ठेवायचा ठरवला. हे 72 प्रकार झाले. प्रत्येकाचे दोनच नग शिवले तरी 144. एका नगाला 190 रुपये खर्च धरला तर 27,360 रुपये कपाटात गेले, आणि अजून एकही कपडा विकलेला नाही. मुद्रा योजनेतल्या 'शिशु' गटाच्या कर्जाची मर्यादा 50 हजार आहे. म्हणजे त्यातले निम्म्याहून अधिक पैसे पहिल्या विक्रीआधीच कापडाच्या रूपात घडी होऊन बसतात. त्यात ज्या मुलासाठी कपडा घ्यायचा ते मूल वाढत राहते. आज बसणारा फ्रॉक सहा महिन्यांनी त्याच गिऱ्हाइकाला विकता येत नाही.

माप म्हणजे नेमके काय, हाही प्रश्नच आहे. बाजारात 16, 18, 20, 22 असे सम आकडे चालतात, तर ऑनलाइन दुकानांत वय लिहिलेले असते. एका कारखान्याचा 20 दुसऱ्याच्या 22 एवढा भरतो आणि एकाच वयाची दोन मुले एका मापाची नसतात. भारतीय शरीराची स्वतःची मापे असावीत म्हणून केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडे 'इंडिया साइज' हे सर्वेक्षण सोपवले. सहा शहरांत पंचवीस हजारांवर लोकांची मापे घेण्याची ही योजना. काम मोलाचे आहे. पण त्याचा वयोगट 15 ते 65 आहे. ज्या वयात माप सर्वांत झपाट्याने बदलते ते वय त्यात नाही. त्यामुळे घरी शिवणारी बाई आजही बाजारातून एक तयार फ्रॉक आणते, उसवते आणि त्यावरून कागदी पॅटर्न कापते. त्या फ्रॉकची चूक असेल तर तीही पॅटर्नमध्ये उतरते.

मापाचा विषय निघाला म्हणून गळ्याबद्दल थोडे. नवजात बाळाचे डोके त्याच्या छातीपेक्षा घेराने मोठे असते. डोके साधारण 35 सेंटिमीटर, छाती त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. दोन्ही घेर सारखे व्हायला वर्ष उजाडते. मोठ्या माणसाचा सदरा आकाराने लहान केला की बाळाचा सदरा होत नाही, याचे कारण हे आहे. छातीला बसणारा कपडा डोक्यातून जात नाही आणि डोक्यातून जाणारा खांद्यावरून घसरतो. आपल्याकडच्या जुन्या झबल्याने हा प्रश्न केव्हाच सोडवला होता: मागून पूर्ण उघडे आणि दोन-तीन बंदांनी बांधायचे. मान न सावरणाऱ्या बाळाला आडवे ठेवूनच ते घालता येते. आज त्यात बदल हवा तो बंदांच्या बाबतीत. गळ्याशी लांब नाड्या, लोंबणारे गोंडे, टोपीची ओढून बांधायची दोरी यांचा फास बसून मुले दगावली आहेत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 1996 मध्ये मुलांच्या कपड्यांच्या गळ्याशी आणि टोपीला अशा दोऱ्या नकोत म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या. युरोपात त्यासाठी ईएन 14682 हे स्वतंत्र मानक आहे. फोटोत छान दिसते म्हणून गळ्याला मण्यांची लड लावणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवले पाहिजे. बटण आणि मणी हाताने जोर लावून ओढून पाहावेत. बाळ तेच तोंडात घालून ओढणार असते.

कापडाचेही एक गणित आहे. इचलकरंजीचे कॉटन असो वा दुसरीकडचे, धुतल्यावर ते आटते. पाच टक्के आटले तर वीस इंचांच्या फ्रॉकचा एक इंच जातो, आणि मुलांच्या मापात अर्धे माप तिथेच संपते. कापण्यापूर्वी कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतले तर हे टळते. पण त्याला जागा लागते, वेळ लागतो आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस कापड वाळत नाही. होजियरीचे कापड तिरुपूरहून किलोवर येते. ते शिवायला साधे मशीन पुरत नाही, ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक लागते. शिवाय कमी कापड घेणाऱ्याला कोणी आपल्या पसंतीचा रंग करून देत नाही. जो ताका मिळेल तो घ्यायचा, आणि आवडलेला रंग पुढच्या खेपेला मिळेलच असे नाही.

या सगळ्याहून आम्हाला जास्त सलते ती गोष्ट मजुरीची. लहान कपड्याला कापड कमी लागते, काम कमी लागत नाही. दोन वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकलाही गळा आहे, दोन बाह्या आहेत, कंबरेला चुण्या आहेत, मागे चेन आहे, आत अस्तर आहे. उलट बाहीचा गोल जितका लहान तितका मशीनवर फिरवायला अवघड. तरीही गिऱ्हाईक म्हणते, "एवढुशा कपड्याला एवढे पैसे?" आणि शिवणारी ते निमूट मान्य करते, कारण तिने स्वतःच्या तासांना कधी किंमत लावलेलीच नसते. समजा, 20 नंबरच्या फ्रॉकला कापड 120 रुपयांचे, अस्तर 30 चे, चेन-लेस-बटण-लेबल 25 चे, दोरा-वीज-पिशवी 15 ची. एकूण 190. दुकानदाराला 300 रुपयांना दिला की 110 रुपये सुटले असे वाटते. कापणे, शिवणे, दोरे काढणे, इस्त्री मिळून अडीच तास धरले तर तासाला 44 रुपये पडतात. आता दहा फ्रॉक शिवले आणि दोन उरले असे धरू. खर्च 1,900, आले 2,400, उरले 500, आणि कामाचे तास 25. म्हणजे तासाला 20 रुपये. मशीनची झीज, कर्जाचा हप्ता, बाजारात जाण्याचे एसटीचे भाडे हे अजून यात धरलेलेच नाही. हा हिशेब शिवणवर्गात प्रमाणपत्र देण्यापूर्वी प्रत्येकीकडून एकदा वहीत करून घेतला पाहिजे. अनेक जणी पहिल्या वर्षी 'सुटलेले' पैसे म्हणून जे मोजतात, ती त्यांची स्वतःचीच न दिलेली मजुरी असते.

पैसे अडकण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे दुकान. नव्या माणसाचा माल दुकानदार रोखीने घेत नाही, जांगडीवर घेतो. जांगड म्हणजे माल दुकानात ठेवायचा, विकला गेला तर पैसे, नाही तर परत. दुकानदाराच्या बाजूनेही यात तथ्य आहे. त्याचीही जागा अडते आणि कोणते माप उरेल हे त्यालाही ठाऊक नसते. पण प्रत्यक्षात सगळी जोखीम शिवणाऱ्यावर येते. माल परत येतो तेव्हा घडी मोडलेली असते, पिशवी फाटलेली असते, एखाद्या फ्रॉकवर हात लागलेले असतात आणि सण उलटून गेलेला असतो. विकलेल्या मालाचे पैसेही "पुढच्या आठवड्यात या" यावर तीन-तीन महिने लांबतात. कायद्याने यावर उपाय दिला आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी असावी लागते. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाण्याचे कारण नाही. अडचण अशी की कायद्यातली मुदत माल स्वीकारल्यापासून मोजली जाते आणि जांगडीत माल स्वीकारला कधी, हेच कुठे लिहिलेले नसते. दोन ओळींची चिठ्ठी पुरे: किती नग, कोणती मापे, काय दर आणि कोणत्या तारखेनंतर उरलेला माल परत घेतला जाणार नाही. ही चिठ्ठी मागायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. तो संकोच दर हंगामाला काही हजारांना पडतो.

जीएसटीची भीती मात्र अवाजवी आहे. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांवर गेल्याशिवाय नोंदणीची सक्ती नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के दर आहे, आणि मुलांचे बहुतेक कपडे त्यातच बसतात. अडते ते राज्याच्या सीमेवर. पणजीच्या किंवा बेळगावच्या मराठी घरातून बारशाच्या कपड्यांची मागणी आली आणि नोंदणी नसताना माल धाडला, तर तो आंतरराज्य व्यवहार होतो. हस्तकलेच्या काही ठरावीक वस्तूंची सवलत सोडली, तर अशा विक्रीला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. कोल्हापूरच्या बाईला रत्नागिरीला कुरिअर चालते, बेळगावला चालत नाही. ज्या दोन गावांमध्ये रोज एसटी धावते तिथे ही भिंत असावी हे आम्हाला पटत नाही. सेवा देणाऱ्यांना ठरावीक उलाढालीपर्यंत आंतरराज्य कामासाठी जी सूट आहे, ती छोट्या शिवणउद्योगालाही मिळाली पाहिजे.

मापाची चूक फक्त घरगुती धंद्यालाच भोवते असे नाही. 2024-25 या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' असे धोरण राबवले. तोवर शाळा व्यवस्थापन समित्या आपापल्या गावात किंवा तालुक्यात गणवेश घेत असत. त्याऐवजी कापड राज्य पातळीवर घ्यायचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून शिवून घ्यायचे, असे ठरले. हेतू चांगला होता. शिवणाऱ्या बायकांना हक्काचे काम मिळणार होते. घडले असे की शाळा जूनमध्ये उघडल्या आणि पुष्कळ मुलांना स्वातंत्र्यदिनालाही नवा गणवेश मिळाला नाही. मिळाला तिथे कुठे बाह्या आखूड, कुठे पँट सैल, अशा तक्रारी आल्या. शिलाईचा दर परवडत नाही, असे शिवणाऱ्या बायका सांगत होत्या. अखेर डिसेंबर 2024 मध्ये निर्णय फिरवून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला.

या प्रकरणातून 'बायकांना जमले नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मूल एका गावात, कापड दुसऱ्या शहरात आणि कात्री तिसऱ्याच ठिकाणी, अशी व्यवस्था कोणत्याही कारखान्यालाही झेपली नसती. मुलांच्या कपड्याचे माप मुलाजवळच घ्यावे लागते. गावातली शिवणारी बाई शाळेच्या पटांगणात जाऊन एका सकाळी साठ मुलांची मापे टेपने घेऊ शकते. तिची ही ताकद कोणत्याही मोठ्या पुरवठादाराकडे नाही. गणवेशात डिझाइन एक, रंग एक, गिऱ्हाईक ठरलेले आणि माप आधी माहीत. घरगुती उद्योगाला सुरुवातीला लागणारी सगळी निश्चिती या एका कामात आहे. सोलापुरात गणवेश शिवण्याचा एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला, त्यातही या निश्चितीचा वाटा आहे. ती निश्चितीही अढळ नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि गणवेशाची मागणीच थांबली. तरीही सुरुवात करणाऱ्यासाठी याहून सुरक्षित काम आम्हाला दिसत नाही. शाळा व्यवस्थापन समित्यांच्या हाती अधिकार परत आला आहे, तर त्यांनी तो तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे सोपवण्याआधी आपल्या गावातल्या मशिनींकडे पाहावे. दर मात्र शिलाईचे तास मोजून ठरवावा.

ज्यांना आपल्या डिझाइनचे कपडे करायचे आहेत, त्यांनी मोह आवरून अरुंद सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. फक्त तान्ह्या बाळांचे कपडे, म्हणजे झबली, टोपडी, कुंची, दुपटी असा बाळंतविडा. किंवा फक्त एक ते तीन वर्षांच्या मुलींचे खणाचे फ्रॉक. दोन मापे, दोन रंग. बाळंतविड्याची एक सोय अशी की त्यातल्या दुपट्याला माप नसते आणि कुंचीला फारसे नसते, म्हणून ती दोन्ही कोणत्याही हंगामात खपतात. सणाचा माल मागणी नोंदवून, निम्मे पैसे आगाऊ घेऊन, मुलाची उंची आणि छाती विचारूनच शिवावा. वय विचारू नये. आईला विचारले तर ती पुढच्या वाढदिवसाचे सांगते. ज्या गिऱ्हाइकाला आगाऊ पैसे देणे जमत नाही, त्याच्यासाठी कपाट भरून ठेवण्याची ऐपत छोट्या धंद्यात नसते.

बँकांनी आणि बचत गटांच्या फेडरेशननी कर्जाच्या अर्जासोबत मशीनचे कोटेशन मागावे, तसा मापांचा तक्ताही मागावा: कोणते माप किती नग आणि का. महिला कर्जदारांना पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात 35 टक्के आणि शहरी भागात 25 टक्के अनुदान मिळते. स्वतःचा हिस्सा फक्त पाच टक्के घालावा लागतो. एवढी मदत देणाऱ्या व्यवस्थेने एक पान जास्त विचारले तर अर्जदाराचे भलेच होईल.

काळ्या फ्रॉकच्या त्या बाईंनी निघताना आम्हाला त्यांची वही दाखवली. तीन दुकानांकडून 11,400 रुपये यायचे होते, सर्वांत जुनी बाकी दिवाळीची. ती दुकाने चालवणारी माणसे वाईट नाहीत. त्यांनी तारीख लिहिली नव्हती आणि बाईंनी मागितली नव्हती, एवढेच. आमची विनंती मुलांच्या कपड्यांचे दुकान असलेल्या आमच्या प्रत्येक वाचकाला आहे. घरी शिवणाऱ्या बाईचा माल तुमच्या फळीवर असेल तर तिला आजच एक चिठ्ठी लिहून द्या, तिच्यावर तारीख घाला, आणि त्या तारखेला तिचे पैसे द्या.